पहिल्यांदाच मोठ्या रोलर कोस्टरवर बसताय? आधी हे वाचा

साखळीचा कट-कट-कट आवाज सुरू झाला तशी भाचीने माझं मनगट घट्ट धरलं आणि विचारलं, "मावशी, आता उतरता नाही ना येणार?" तिचा तळहात घामाने ओला झाला होता आणि पकड अशी, की नंतर बराच वेळ माझ्या मनगटावर तिची चार बोटं उमटलेली दिसत होती. त्या क्षणी तिची समजूत घालण्यात काही अर्थ नव्हता. जे सांगायचं ते मी अर्धा तास आधी, खाली रांगेत उभ्या असताना सांगायला हवं होतं. आता काय होणार, कशामुळे होणार, किती वेळ टिकणार आणि तेव्हा आपण काय करायचं, हे सगळं.

त्यानंतर मी बऱ्याच नवख्या मंडळींना मोठ्या राईडवर घेऊन बसले आहे. माहिती असल्याने भीती जात नाही, हे मी पाहिलंय. पण पोटात खड्डा का पडतोय, अंग एकदम जड का झालंय, हे आधी माहीत असलं की माणूस राईडशी झगडत नाही. जो झगडतो त्याचीच मान दुखते आणि त्यालाच जास्त मळमळतं. म्हणून रांगेत शिरण्याआधीपासून उतरून बाकावर टेकेपर्यंत काय काय होतं ते क्रमाने सांगते.

आधी स्वतःची चौकशी

राईडच्या तोंडाशी जो मोठा बोर्ड असतो तो कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मणक्याचा किंवा मानेचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण, फिट्स येणं, यांपैकी काहीही असेल तर मोठ्या राईडवर बसू नका. डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. "एकदाच तर बसायचंय" असं म्हणून चालत नाही, कारण शरीरावर येणारा ताण त्या एकदाच्याच फेरीत येतो. सर्दीने कान दडपलेत, ताप आहे, रात्री झोप झाली नाही, असा दिवस असला तर तो मोठ्या राईडचा दिवस नव्हे. दारू पिऊन तर मुळीच बसू नका.

उंचीच्या अटीबद्दल पालक फार हुज्जत घालतात. मोठ्या राईडसाठी बहुतेक ठिकाणी किमान 122 किंवा 137 सेंटीमीटर अशी उंची मागतात. हा धीटपणाचा प्रश्न नसतो. बार, म्हणजे माणसाला सीटवर धरून ठेवणारा दांडा, मांडीवर आणि कमरेवर नेमका कुठे बसणार, यावर ती अट ठरते. शरीर छोटं असेल तर बार लागूनही माणूस त्याच्याखालून निसटू शकतो. त्यामुळे मुलाच्या बुटात काही कोंबून उंची वाढवणं हा जिवाशी खेळ आहे.

पोट, पाणी, कपडे

रिकाम्या पोटी बसू नका आणि जेवून लगेचही बसू नका. रिकाम्या पोटी चक्कर लवकर येते, भरल्या पोटी मळमळ. हलकं काहीतरी खाऊन तास-दीड तास झालेला असावा. पाण्याकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात. उन्हात दोन तास रांगेत उभं राहून घसा कोरडा पडलेला असताना राईडवर बसलं की डोळ्यांपुढे अंधारी येण्याची शक्यता वाढते. सकाळपासून थोडं थोडं पाणी पीत राहा.

गाडी लागण्याचा त्रास असलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव एक सांगतो आणि डोळे दुसरंच सांगतात, तेव्हा मळमळ सुरू होते. म्हणूनच गोल गोल फिरणाऱ्या राईड रोलर कोस्टरपेक्षा अधिक त्रास देतात. एवढ्या मोठ्या कोस्टरवरून हसत उतरलेली माणसं फिरत्या पाळण्यातून उतरल्यावर कोपरा शोधताना मी पाहिली आहेत. मळमळीवरच्या गोळ्या मिळतात, पण त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. तेव्हा डॉक्टरांना विचारूनच घ्या.

केस घट्ट बांधा. ओढणी, स्कार्फ, टोपी काढून ठेवा. पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवेत. कानातले काढा, हे मी आवर्जून सांगते. खांद्यावरून खाली येणारा हार्नेस असला की वळणावर डोकं त्याच्या बाजूंवर आपटतं आणि कानातल्याची दांडी कानामागे टोचते. मी एकदा झुमके घालून बसले आणि उतरले तेव्हा उजव्या कानामागे रक्त आलं होतं. चष्म्याला मागून पट्टा लावा, नाहीतर तो लॉकरमध्ये ठेवा. मोबाइलवर चित्रीकरण करायचा मोह सोडून द्या. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीतून सुटलेला फोन तुमच्यासाठी हरवतो, पण मागच्या रांगेतल्या कुणाच्या तरी तोंडावर आदळतो.

बाहेर उभं राहून दहा मिनिटं बघा

ही पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते आणि तीच सगळे गाळतात. राईडजवळ एक जागा पकडा आणि चार-पाच गाड्या जाताना बघा. पहिल्या गाडीला तुम्ही फक्त किंचाळ्या ऐकाल. तिसऱ्या गाडीला तुमच्या लक्षात येईल, की लोक एका ठरावीक जागी ओरडतात आणि एका ठरावीक जागी एकदम गप्प होतात. गप्प होतात ती जागा म्हणजे जिथे अंग दाबलं जातं ती. तिथे ओरडायला छातीत हवाच उरत नाही.

मग मोबाइलवर सेकंद मोजा. उतार सुरू झाल्यापासून ब्रेक लागेपर्यंत किती वेळ जातो ते बघा. बहुतेक मोठ्या कोस्टरमध्ये हा वेगाचा भाग दीड-दोन मिनिटांच्या आतच संपतो, काहींमध्ये तर मिनिटभरातच. बाकीचा वेळ चढण्यात आणि ब्रेकनंतर थांबण्यात जातो. "एवढंच?" असं तुमच्या तोंडून निघालं की अर्धं काम झालं. वर गेल्यावर हाच आकडा मनात मोजायचा आहे.

राईड कोणत्या जातीची आहे तेही बघून घ्या. साखळीने वर ओढून खाली सोडणारा कोस्टर असतो. काही राईड चढ न चढता जागेवरूनच गाडी सुसाट सोडतात, त्यांना लाँच कोस्टर म्हणतात. लाकडी कोस्टर खडखडतो आणि हाडं हलवतो, लोखंडी त्या मानाने गुळगुळीत. काहींमध्ये रूळ डोक्यावर असतो आणि पाय हवेत लोंबकळतात. ड्रॉप टॉवरमध्ये तर सरळ वर नेऊन सोडूनच देतात. आकड्यांना फार भुलू नका. इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समधला 2013 साली सुरू झालेला 'द स्मायलर' चौदा वेळा उलटा करतो. अमेरिकेत सीडर पॉइंटला 2000 साली आलेला 'मिलेनियम फोर्स' एकदाही उलटा करत नाही, पण 94 मीटर उंचीवरून ताशी जवळपास 150 किलोमीटरने खाली आणतो. कुणाला पहिला झेपतो, कुणाला दुसरा. तुम्हाला उंचीची भीती आहे की उलटं होण्याची, हे आधी ठरवा आणि मग राईड निवडा.

आणि पहिलीच राईड सगळ्यात मोठी नको. मधल्या आकाराची एक करा, उतरून पाणी प्या, मग मोठीकडे जा.

रांगेत

खरी भीती रांगेतच असते. हृदय धडधडतं, तळहात घामेजतात, दर पाच मिनिटांनी लघवीला जावंसं वाटतं. शरीर संकटाच्या तयारीला लागलेलं असतं आणि त्याला काम मात्र काहीच नसतं. तेव्हा त्याला काम द्या. नाकाने श्वास घ्यायचा आणि तोंडाने त्याच्या दुप्पट वेळ घेऊन सोडायचा, असं सात-आठ वेळा करा. सोबतच्यांनी "तू तर मरणारच आज" छापाची थट्टा करू नये. जो घाबरलाय त्याला ती थट्टा वर गेल्यावर आठवते.

बऱ्याच मोठ्या राईडच्या बाहेर किंवा रांगेच्या सुरुवातीला एक नमुना सीट ठेवलेली असते. अंगाने मोठे असाल, उंच असाल, तर आधी तिथे बसून बार लागतो का ते पाहा. दीड तास उभं राहून, चारचौघांसमोर बार लागला नाही म्हणून उतरावं लागणं फार जिव्हारी लागतं. त्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आणि नको वाटलं तर फलाटावर पोचल्यावरसुद्धा माघार घेता येते. बहुतेक ठिकाणी डब्यातून पलीकडे जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येतं, किंवा फलाटावरच्या माणसाला सांगितलं की तो वाट दाखवतो. त्यांना याची रोजची सवय असते. कुणाला जबरदस्तीने बसवू नका, लहान मुलांना तर नाहीच. एकदा असं बसवलेलं मूल पुढे कितीतरी वर्षं राईडच्या वाऱ्याला उभं राहत नाही.

कुठली सीट?

नवख्याने मधल्या डब्यात बसावं असं माझं मत आहे, आणि डब्याच्या चाकांवर येणारी रांग टाळता आली तर टाळावी. तिथे हादरे जास्त बसतात.

पुढच्या आणि मागच्या सीटचा फरक असा. माथ्यावरून गाडीचा पुढचा भाग खाली वळतो तेव्हा मागचा भाग अजून चढावरच असतो, त्यामुळे गाडी रेंगाळते आणि पुढचे लोक काठावर लोंबकळत थांबतात. अर्धी गाडी उतारावर गेली की वेग वाढत जातो आणि शेवटचा डबा माथ्यावरून अक्षरशः ओढला जातो. पुढे समोरचं सगळं दिसतं आणि वारा तोंडावर येतो. मागे काही दिसत नाही, पण उतारावर सीटवरून उचलल्यासारखं होतं. मागचे डबे किती हलवतात याचा एक भलताच पुरावा आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाची प्रतिकृती खड्यांसकट घेऊन फ्लोरिडातल्या डिस्नेच्या 'बिग थंडर माउंटन'वर फेऱ्या मारल्या. पुढच्या सीटपेक्षा मागच्या सीटवर खडे कितीतरी जास्त वेळा सुटले. हा अभ्यास 2016 साली छापून आला आणि 2018 साली त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं गमतीचं पारितोषिक, मिळालं. मुतखड्यावरचा इलाज म्हणून कुणी राईडवर बसू नये, पण मागे काय होतं ते यावरून कळतं.

बार लावताना

इथे घाई करू नका. आधी पार्श्वभाग सीटच्या मागच्या टोकापर्यंत सरकवा. पाठ पूर्ण टेकवा, डोकं टेकवा, पाय खाली सपाट ठेवा, आणि मग बार ओढा. मी एकदा उलटं केलं. घाईघाईत पोक काढून बसले, बार लावला आणि समाधानाने हात वर केले. पहिल्या दरीत अंग मागे दाबलं गेलं, बार मोकळ्या झालेल्या जागेत दोन खाचा आणखी खाली आला आणि उरलेली फेरी तो पोटात रुतून बसला. बरेच बार एकदा खाली आले की फलाटावर सोडवल्याशिवाय वर जात नाहीत. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण चुकीचं बसलात तर जाच तुम्हालाच.

बार मांड्यांच्या वरच्या भागावर, कमरेच्या सांध्याजवळ टेकलेला हवा. पोटावर नको. हाताने वर ढकलून बघा, हलता कामा नये. फलाटावरचा माणूस येऊन स्वतः ओढून बघतो, तेव्हा हात बाजूला घ्या आणि त्याला त्याचं काम करू द्या. काही ठिकाणी त्यावर आणखी एक पट्टा असतो. तो बहुधा जादा खबरदारीचा असतो, मुख्य भार बारच घेतो. काही खटकलं तर गाडी सुटायच्या आधी, मोठ्याने, हात वर करून सांगा.

चढ

गाडी फलाट सोडते, एक वळण घेते आणि साखळीला अडकते. तेव्हा एक झटका बसतो. तो नेहमीचाच आहे. मग कट-कट-कट सुरू होतं. आपल्याला वाटतं काहीतरी मोडकळीला आलंय, पण हा आवाज तुमच्या बाजूचा आहे. गाडीखालचा लोखंडी खटका रुळाच्या दात्यांवरून पुढे सरकताना तो येतो. साखळी तुटली तरी गाडी मागे येऊ नये म्हणून हा खटका प्रत्येक दात्यात अडकत जातो. काही नव्या राईडमध्ये चढ गुपचूप असतो. तिथे यंत्रणा वेगळी असते, एवढंच.

जिन्याच्या पायऱ्या शेजारून जाताना दिसतील. त्या कामगारांसाठी आहेत, आणि गाडी थांबलीच तर तुम्हाला उतरवण्यासाठीही.

चढावर बघायचं कुठे? खाली नको. समोरच्या डब्याच्या पाठीकडे किंवा दूर क्षितिजाकडे बघा. श्वास सोडत राहा. माझी भाची माथ्यापर्यंत श्वास रोखून बसली होती. छाती भरलेली, खांदे कानापर्यंत वर. अशा अवस्थेत उतार आला की घशातून आवाजही फुटत नाही आणि सगळा ताण मानेत जातो. "श्वास सोड" एवढंच मी तिला म्हणाले. ओरडण्याचा उपयोगही हाच, की ओरडताना श्वास सोडावाच लागतो. तेव्हा लाजू नका, पोटातून ओरडा.

पहिला उतार

पोटात खड्डा पडतो तो इथे. एरवी आपली आतडी, जठर, यकृत स्वतःच्या वजनाने खाली टेकून असतात. गाडी खाली पडायला लागली की ते वजन जाणवेनासं होतं, आतले अवयव किंचित वर सरकतात आणि पोटाला ते लगेच कळतं. कानातला तोल सांभाळणारा अवयवही त्याच क्षणी मेंदूला कळवतो, की आपण पडतोय. मोकळं पडताना पहिल्या सेकंदात आपण जवळपास पाच मीटर खाली येतो आणि दोन सेकंदांत जवळपास वीस. साठ मीटरचा उतार असेल तर तळाशी वेग ताशी 120 किलोमीटरच्या आसपास जातो. पोटातला तो गोळा मात्र दोन-तीन सेकंदांचाच असतो. मनात "एक, दोन, तीन" मोजा. तीन म्हणेपर्यंत बहुधा तुम्ही तळाला आलेले असता.

इथे अंग सैल सोडायचं. बार हलकेच धरा, गुडघे ताठ करू नका, डोळे उघडे ठेवा. डोळे मिटले की पुढचं वळण कुठे आहे ते मानेला कळत नाही, आणि ते न सांगता येऊन आदळतं. रूळ दिसत असला की मानेचे स्नायू आपोआप आधीच तयारी करतात.

सीटवरून उचललं गेलात आणि बार मांडीला लागला तर घाबरू नका. टेकडीसारख्या उंचवट्यावरून वेगाने जाताना असं होणारच, राईड बनवणाऱ्यांनी ते मुद्दाम ठेवलेलं असतं. गाडी रुळावरून उडत का नाही? कारण चाकं फक्त रुळाच्या वर नसतात. बाजूलाही असतात आणि खालूनही असतात, म्हणजे गाडीने रूळ तिन्ही बाजूंनी पकडलेला असतो. ही खालची चाकं जॉन मिलर नावाच्या अमेरिकन अभियंत्याने आणली आणि 1919 साली त्यांचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या कोस्टरना असे उंचवटे परवडतच नव्हते. अमेरिकेत 1884 साली कोनी आयलंडला ला मार्कस थॉम्पसनने रोलर कोस्टर सुरू केला, तेव्हा त्याचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास होता.

दरीत: अंग जड होतं तेव्हा

उताराच्या तळाशी गाडी वर वळते आणि सगळं उलटं होतं. आता तुम्ही सीटमध्ये दाबले जाता. रोजचं आपलं वजन म्हणजे एक जी. तळाशी चार जी असतील तर साठ किलोचा माणूस क्षणभर दोनशे चाळीस किलोचा होतो. डोकं साधारण पाच किलोचं असतं, ते वीस किलोचं होतं. आता डोकं पुढे झुकवून किंवा बाजूला वळवून शेजारणीकडे बघत असाल तर मानेवर काय येईल याचा विचार करा. तळ यायच्या आत डोकं टेकवा आणि समोर ठेवा.

याच वेळी रक्त पायांकडे ओढलं जातं. काहींना नजरेच्या कडा राखाडी होताना दिसतात, जणू समोरचं चित्र नळीतून दिसतंय. एक-दोन सेकंदांत ते जातं. त्यावर उपाय लढाऊ वैमानिक करतात तोच: मांड्या, पोटऱ्या आणि पोट घट्ट आवळायचं, पाय खाली दाबायचे आणि श्वास लहान लहान झटक्यांनी घ्यायचा. पाय लोंबकळत असतील तर गुडघे एकमेकांवर दाबा. तरंगताना सोडायचं, दाबलं जाताना आवळायचं. नवख्यांचं बहुतेक वेळा याच्या उलट होतं. उतारावर सगळं अंग ताठ आणि तळाशी श्वास सुटून अंग ढिलं. दर फेरीला नजर काळवंडत असेल किंवा शुद्ध गेल्यासारखं झालं असेल, तर त्या दिवशी पुन्हा बसू नका आणि डॉक्टरांना सांगा.

उलटं होताना

लूपची, म्हणजे गाडीला उभ्या चक्रातून उलटं फिरवणाऱ्या रुळाची, धास्ती सगळ्यांना असते आणि त्रास सगळ्यात कमी तिथे होतो. वेगाने वर जाताना तुम्ही सीटलाच दाबलेले असता, त्यामुळे माथ्यावर आपण उलटे आहोत हे डोळ्यांना दिसतं, अंगाला फारसं कळत नाही. लूपचा आकार नीट बघितलात तर तो गोल नसतो. पाण्याच्या थेंबासारखा, वर निमुळता आणि खाली पसरट असतो. अगदी गोल लूप करून पाहिला होता. कोनी आयलंडलाच 1895 साली 'फ्लिप फ्लॅप' नावाची राईड होती, आणि तिच्या पायथ्याशी एवढा जोर बसायचा की लोकांच्या माना दुखावायच्या. कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कात 1976 साली 'रिव्होल्यूशन' आला तो थेंबासारखा लूप घेऊन, आणि तेव्हापासून लूप सुसह्य झाला. सावकाश पिळल्यासारखं फिरवणारी वळणं मात्र वेगळी. तिथे हार्नेसला लोंबकळल्यासारखं होतं आणि रक्त डोक्यात येतं. हात हार्नेसच्या मुठींवर ठेवा, डोकं मागे टेकवा.

लाँच राईड असेल तर

इथे चढ नाही, त्यामुळे मनाची तयारी करायला वेळही नाही. गाडी थांबते, कधी दिवे बदलतात, कधी काहीच होत नाही, आणि पाठीत कुणी ढकलल्यासारखी ती सुटते. अबू धाबीच्या फेरारी वर्ल्डमधला 2010 सालचा 'फॉर्म्युला रोसा' पाचेक सेकंदांत ताशी 240 किलोमीटरला जातो, त्यासाठी गॉगल देतात. गाडी थांबली रे थांबली की डोकं मागे टेकवा आणि सुटेपर्यंत टेकवूनच ठेवा. "सुटली का?" म्हणून मान पुढे काढून बघणाऱ्यालाच झटका बसतो.

काही उंच लाँच राईडमध्ये गाडी क्वचित माथा न ओलांडता मागे घरंगळत येते. न्यू जर्सीतल्या, 2005 ते 2024 चाललेल्या 139 मीटर उंच 'किंगडा का'वर असं कधीमधी व्हायचं. त्यासाठी सुटण्याच्या रुळावरच ब्रेक ठेवलेले असतात. गाडी मागे येऊन थांबते आणि पुन्हा सोडतात.

ब्रेक आणि मधेच थांबणं

शेवटचा ब्रेक अनेकांना बेसावध गाठतो. वेग एकदम उतरतो, अंग पुढे जातं, कपाळ हार्नेसवर आपटतं. शेवटचं वळण आलं की हातांनी मुठी धरा आणि पाठ टेकवा. चुंबकाचे ब्रेक असतील तर ते हळुवार लागतात, आणि त्यांना वीज लागत नाही. गाडीखालची धातूची पट्टी चुंबकांमधून गेली की वेग आपोआप कमी होतो. म्हणजे वीज गेली तरी गाडीचा वेग उतरतो.

मग गाडी फलाटाबाहेरच उभी राहते. काही बिघडलेलं नसतं, पुढची गाडी निघायची असते, इतकंच. संपूर्ण रूळ भागांत वाटलेला असतो आणि एका भागात एका वेळी एकच गाडी जाऊ देतात. पुढचा भाग रिकामा नसेल तर मागची गाडी अडवली जाते. चढावर मधेच थांबलात तरी कारण बहुतेक वेळा हेच, किंवा एखाद्या सेन्सरला शंका आलेली असते. अशा वेळी बार ढिला करायचा प्रयत्न करू नका, अंग सोडवून घेऊ नका. बसून राहा, शेजारच्याशी बोला. उतरवायची वेळ आलीच तर माणसं पायऱ्यांनी वर येतात, एकेक बार हाताने सोडवतात आणि पट्टा बांधून खाली नेतात.

उतरल्यावर

बार सुटला की झटकन उभे राहू नका. आधी पाय जमिनीवर टेकवा, डब्याची कड धरा, मग उठा. गुडघ्यात पाणी झाल्यासारखं वाटेल, हात थरथरतील, उगाचच हसू येईल, काहींना रडूही येतं. शरीराने एवढी तयारी केली आणि धोका तर आलाच नाही, मग ती ताकद अशी बाहेर पडते. दहा-पंधरा मिनिटांत ते ओसरतं. सावलीत बसा, पाणी घोट घोट प्या, मळमळत असेल तर दूरच्या एखाद्या स्थिर वस्तूकडे बघा आणि मोबाइलमध्ये डोकं घालू नका. लगेच गाडी चालवायला बसू नका.

हलकी मानदुखी दुसऱ्या दिवशी होऊ शकते. पण डोकं दुखायचं थांबतच नाही, उलट्या होतात, नजर दुहेरी होते, हातापायांना मुंग्या येतात किंवा छातीत दुखतं, असं काहीही झालं तर वाट न बघता डॉक्टरकडे जा, आणि राईडवर बसला होतात हे त्यांना सांगा.

पुन्हा बसायचं असेल तर निदान वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या. दुसरी फेरी पहिलीपेक्षा लहान वाटते, कारण पुढे काय आहे ते माहीत असतं. दुपारनंतर तोच कोस्टर सकाळपेक्षा थोडा वेगाने धावतो, चाकं आणि वंगण तापलेलं असतं म्हणून. तेव्हा सकाळी मधल्या डब्यात बसा आणि संध्याकाळी मागचा डबा मागून घ्या. भाचीने त्या दिवशी तसंच केलं. दुसऱ्या वेळी माथ्यावर तिने माझं मनगट धरलं नाही. तिचे दोन्ही हात वर होते, आणि ती मोठमोठ्याने आकडे मोजत होती.